नुसते आकडेच तर आहेत!

सॉफ्टवेअरच्या धंद्यात काही वाक्यं अशी आहेत की ती कानावर पडली की मी खुर्ची सरसावून बसतो. "माझ्या मशीनवर चालतंय" हे त्यातलं सर्वात जुनं. "तात्पुरतं करून ठेवू, नंतर बघू" हे दुसरं. आणि तिसरं, ज्याबद्दल आज लिहायचंय, ते म्हणजे "त्यात काय एवढं, नुसते आकडेच तर आहेत!"

हे आकडे म्हणजे मेट्रिक्स. सर्व्हरची नाडी म्हणा हवं तर. डिस्क किती भरली, मेमरी किती खाल्ली, सेकंदाला किती शोध झाले, नवीन नोंदी किती चढल्या. हे आकडे दर मिनिटाला गोळा करायचे, त्यांचे आलेख काढायचे, आणि काही बिनसलं की कुणाला तरी झोपेतून उठवायचं, असा हा सगळा मामला. विषय जरा तांत्रिक आहे, पण वीकांत आहे, चहा घेऊन बसा, फार छळणार नाही :-)

आधी थोडी ओळख. इलॅस्टिकसर्च नावाचा एक शोध-डेटाबेस आहे. शाय बॅनन ह्या गृहस्थाने २०१० साली तो बाहेर आणला. त्याची बायको लंडनला स्वयंपाकाचं शिक्षण घेत होती, आणि तिला पाककृती पटकन शोधता याव्यात म्हणून त्याने जी खटपट सुरू केली तिच्यातून पुढे हे उभं राहिलं. त्याच्या पोटात आहे ल्युसीन, म्हणजे डग कटिंगने १९९९ मध्ये लिहिलेली शोधाची लायब्ररी. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, तशीच सूची हा प्रकार आपल्या माहितीची करून ठेवतो. अशा एका सूचीला म्हणायचं इंडेक्स. लाखो नोंदींतून एखादं नाव डोळ्याचं पातं लवायच्या आत सापडतं ते ह्याच्यामुळे.

तर आमच्याकडे मागे एक काम आलं. पॅथॉलॉजी लॅबची एक साखळी. नाव सांगत नाही, सांगण्यात अर्थही नाही. तालुक्या-तालुक्याला रक्ताचे नमुने गोळा करणारी केंद्रं, तपासणी शहरातल्या मुख्य लॅबमध्ये, आणि रिपोर्ट संगणकावर. नाव, मोबाईल किंवा पावती नंबर टाकला की पेशंटचे जुने रिपोर्ट समोर यावेत म्हणून मागे इलॅस्टिकसर्च. हे सगळं आधीच्या व्हेंडरने उभं केलेलं होतं. आम्हाला सांगितलं एवढंच, की सर्व्हर मधूनमधून आडवा होतो, देखरेख नीट लावून द्या.

आडवा का होतो ते शोधायला फार वेळ लागला नाही. इलॅस्टिकसर्चचे डिस्कच्या बाबतीत तीन टप्पे ठरलेले असतात. तुम्ही काही बदललं नसेल तर ८५ टक्के डिस्क भरली की तो त्या मशीनवर नवीन भार ठेवायचं टाळतो, ९० टक्क्यांना असलेला भार दुसरीकडे हलवायला लागतो, आणि ९५ टक्क्यांना सरळ हात वर करतो: इथून पुढे वाचा, पुसा, पण नवीन काही लिहायचं नाही. स्वतःपुरतं शहाणपणाचंच आहे ते. पण लॅबच्या बाजूने बघा. रात्रीचे साडेदहा. कुणाचा तरी किडनीचा रिपोर्ट तयार आहे, सकाळी ऑपरेशन आहे, तिकडे डॉक्टर वाट बघतोय, आणि रिपोर्ट सिस्टिममध्ये चढत नाहीये. म्हणजे देखरेख ही काही हौस नव्हे. ८५ टक्क्यांनाच कुणाला तरी कळलं असतं तर ही रात्र आलीच नसती.

त्यामुळे "धोका आहे ना, मग मेट्रिक्स बंदच करून टाका" हा पर्याय नव्हता. बघायला तर हवंच. प्रश्न एवढाच की बघणाऱ्याला काय काय दिसावं.

देखरेखीची पद्धत साधारण अशी. प्रोमिथियस नावाचं एक फुकट आणि उत्तम सॉफ्टवेअर आहे. २०१२ मध्ये साउंडक्लाउड ह्या कंपनीत त्याची सुरुवात झाली, आणि २०१५ पासून ते जगभर पसरलं. ते स्वतः दारोदार फिरून आकडे मागून आणतं, आपल्या मीटर रीडिंगवाल्यासारखं. पण त्याला इलॅस्टिकसर्चची भाषा कळत नाही. म्हणून मध्ये एक दुभाष्या बसवतात, त्याला म्हणायचं एक्स्पोर्टर. एक्स्पोर्टर इलॅस्टिकसर्चला त्याच्या ९२०० नंबरच्या पोर्टवर जाऊन विचारतो, उत्तर प्रोमिथियसच्या भाषेत मांडतो आणि स्वतःच्या ९११४ पोर्टवर ठेवून देतो. प्रोमिथियस येतं, घेऊन जातं. पुढे ग्राफाना त्याचे रंगीबेरंगी आलेख काढतं. झालं.

ही साखळी आधीच्या लोकांनी उभी केलेली होती, चालतही होती. फक्त कशी चालत होती ते बघा. एक्स्पोर्टर इलॅस्टिकसर्चमध्ये शिरत होता तो 'इलॅस्टिक' ह्या नावाने, म्हणजे साक्षात सुपरयूजर, सर्वाधिकारी. त्याचा पासवर्ड एक्स्पोर्टर सुरू करायच्या आज्ञेतच, पत्त्याच्या पोटात लिहिलेला. सर्टिफिकेटची तपासणी बंद. ९११४ पोर्ट सगळ्या दिशांनी उघडं. आणि ह्या सगळ्याचे आलेख मुख्य ऑफिसच्या रिसेप्शनमागच्या मोठ्या टीव्हीवर, दिवसभर. कुरिअरवाला, औषध कंपनीचा एमआर, रिपोर्ट न्यायला आलेले नातेवाईक, सगळ्यांना दर्शन खुलं.

आता इलॅस्टिकसर्चला कुलुपांचा जरा इतिहासच आहे. सुरुवातीची बरीच वर्षं फुकटच्या आवृत्तीत पासवर्डच नव्हता, सुरक्षेचे पैसे वेगळे पडायचे. परिणाम व्हायचा तो झाला. २०१७ च्या जानेवारीत इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो सर्व्हर कुणीतरी पुसले आणि मागे बिटकॉइनची मागणी करणारी चिठ्ठी ठेवली. २०१९ च्या सप्टेंबरात इक्वेडोरमधल्या लोकांची माहिती मायामीतल्या एका उघड्या इलॅस्टिकसर्चवर सापडली. नोंदी २ कोटींच्या वर, देशाची लोकसंख्या त्याहून कमी, कारण गेलेल्या माणसांच्याही नोंदी त्यात होत्या. २०२० च्या जुलैत तर कुणी खंडणीही मागितली नाही. उघडे डेटाबेस शोधून पुसायचे आणि जागी अगम्य अक्षरं टाकून पुढे 'म्याव' लिहायचं, एवढाच उद्योग. दरम्यान २०१९ च्या मे महिन्यात मूलभूत सुरक्षा फुकट झाली, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत आलेल्या ८.० पासून तर ती आपोआप सुरूच असते, बंद करायची तर मुद्दाम करावी लागते. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आलं. आमच्या लॅबलाही होतंच की. फक्त त्याची किल्ली देखरेखीच्या नावाखाली दाराच्या चौकटीला खिळ्यावर टांगलेली होती.

पासवर्ड आज्ञेत लिहिला तर काय होतं? लिनक्सवर 'पीएस' ही आज्ञा योग्य पर्यायांसकट टाइप केली की चालू असलेले सगळे प्रोग्राम पूर्ण आज्ञेसकट दिसतात. साधारणपणे त्या मशीनवर लॉगिन असलेल्या कुणालाही. बॅकअपवाल्या पोरालासुद्धा. आणि तो पासवर्ड म्हणजे आकडे बघायचा पास नव्हे. त्याने कुठल्याही पेशंटचा कुठलाही रिपोर्ट वाचता येतो, बदलता येतो, पुसता येतो.

सोसायटीच्या वॉचमनला आपण रात्री फेरी मारायला सांगतो. दिवा कुठे चालू राहिलाय, टाकी कुठे वाहतेय, एवढं त्याने बघायचं. त्यासाठी आपण त्याला घरातल्या कपाटाची किल्ली देतो का? वॉचमन कितीही प्रामाणिक असला तरी नाही देत. कारण किल्ली त्याच्या खिशात असते, आणि खिसा कुणीही मारू शकतं.

मग आम्ही एकेक दार लावत गेलो. कुणाला उपयोग होईल म्हणून क्रमाने सांगतो.

पहिलं काम ओळखीचं. एक्स्पोर्टरसाठी वेगळा रोल केला. त्याला क्लस्टरवर फक्त 'मॉनिटर' हा अधिकार दिला, म्हणजे तब्येत आणि आकडेवारी वाचायची, बाकी काही नाही. त्या रोलपुरती एक एपीआय की काढली, मुदत घालून. मग त्याच कीने मुद्दाम एक रिपोर्ट शोधून पाहिला. ४०३ आला. परवानगी नाही! एरर बघून आनंद व्हायचे प्रसंग आमच्या धंद्यात थोडे असतात, हा त्यातला एक :-)

दुसरं काम, ती की ठेवायची कुठे. आज्ञेतून काढून वेगळ्या फाइलमध्ये, जी फक्त रूटला वाचता येते. सेवा सुरू होताना सिस्टिम ती वाचून एन्व्हायर्नमेंटमधून एक्स्पोर्टरला देते. 'पीएस' मारलं तर आता नुसता पत्ता दिसतो.

तिसरं, सर्टिफिकेट. जोडणी एचटीटीपीएस होती, पण समोरचा खरंच आपलाच सर्व्हर आहे का हे तपासणं बंद करून ठेवलेलं. म्हणजे पाकीट बंद करायचं आणि समोर येईल त्याच्या हातात द्यायचं. इलॅस्टिकसर्च स्वतःच्या सर्टिफिकेट अधिकाऱ्याची फाइल तयार करतो, तिचा पत्ता एक्स्पोर्टरला दिला की तपासणी सुरू होते. दहा मिनिटांचं काम. फक्त एक लक्षात ठेवा, त्यांच्या साधनाने काढलेलं सर्टिफिकेट वेगळं काही सांगितलं नाही तर ३ वर्षं चालतं. ती तारीख कॅलेंडरमध्ये घाला. नाहीतर तीन वर्षांनी एका सकाळी सगळे आलेख सपाट होतील, आणि घाईत कुणीतरी पुन्हा तपासणीच बंद करून मोकळं होईल.

चौथं दार बहुतेक जण विसरतात, ते म्हणजे दुभाष्याचं स्वतःचं. इलॅस्टिकसर्चला कुलूप लावलं, पण एक्स्पोर्टर तेच आकडे ९११४ वर कुणालाही वाचून दाखवतोय, तर मिळवलं काय? त्याला स्वतःचं टीएलएस आणि पासवर्ड देता येतो, एका छोट्या कॉन्फिगरेशन फाइलमधून. त्या फाइलमध्ये पासवर्ड उघडा नसतो, बीक्रिप्टने दळलेला असतो. इकडे प्रोमिथियसला सांगायचं की एचटीटीपीएसनेच जा, आणि पासवर्ड अमुक फाइलमधून घे. शिवाय फायरवॉलमध्ये ९११४ फक्त प्रोमिथियसच्या मशीनला उघडं. प्रोमिथियसचं स्वतःचं ९०९० हे दारही मुळात उघडंच असतं, तेही ह्याच रीतीने लावलं.

आणि पाचवं, पहारेकरीच झोपला तर? कीची मुदत संपली, एक्स्पोर्टर मेला, तर "सगळं शांत आहे" असं वाटायला नको. प्रोमिथियस ज्याच्याकडे आकडे मागायला जातं तो भेटला की नाही ह्याचीही नोंद ठेवतं, १ किंवा ०. शून्य झालं की घंटा. कीची मुदत संपायच्या दोन आठवडे आधी वेगळी आठवण.

इथवर काम संपल्यासारखंच होतं. तेवढ्यात आमच्या टीममधली सर्वात नवी मुलगी, कॉलेजातून निघून सहा महिने झालेली, लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, हे जरा बघता का? हे माझं गाव आहे."

जुना आलेख होता, टीव्हीवरचाच. आधीच्या लोकांनी प्रत्येक केंद्राचा आणि प्रत्येक तपासणीचा वेगळा इंडेक्स केला होता. नावात गाव, आणि पुढे तपासणी. आणि एक्स्पोर्टरला इंडेक्सवार आकडेही द्यायला सांगितलेलं. तिच्या गावाच्या नावापुढे एचआयव्ही लिहिलं होतं. रेघ कितीतरी दिवस एका जागी, आणि मंगळवारी दुपारी तिने एका आकड्याची पायरी चढलेली.

"मंगळवार आमचा बाजाराचा दिवस," ती म्हणाली. "लॅब स्टँडसमोर आहे. दुपारी कोण आत गेलं ते रसवंतीवाल्यापासून सगळ्यांना माहीत असतं."

मी गप्पच झालो. नाव नाही, वय नाही, मोबाईल नाही. नुसता एक आकडा, एकने वाढलेला. रिपोर्ट काय आला हेही त्या आकड्यात नव्हतं. पण गावाला रिपोर्ट लागतो कुठे? तपासणी केली एवढं पुरतं. पुढचं गाव स्वतः लिहितं. आणि ते भोगायचं कुणी? ज्याने काळजी वाटली म्हणून शहाण्यासारखी तपासणी करून घेतली त्याने. किंवा तिने.

दुसऱ्या दिवशी मीटिंगला लॅबकडचे आयटी बघणारे गृहस्थ होते. पन्नाशी ओलांडलेले, सगळे त्यांना काकाच म्हणायचे. भला माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, पण त्यात पेशंटचं नाव कुठाय? नुसते आकडेच तर आहेत!"

मी काही बोलायच्या आत त्या मुलीनेच उत्तर दिलं. "काका, तुमच्या गावात मंगळवारी एकच माणूस आत गेला असेल, तर त्या एकचं नाव सांगावं लागतं का?"

काका थोडा वेळ टीव्हीकडे बघत राहिले. मग उठून स्वतःच तो बंद केला.

कायद्याचं बोलायचं तर आपल्याकडे २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. कुणाची ह्याबाबतची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायची नाही, आणि अशा नोंदी ठेवणाऱ्यांनी त्यांच्या संरक्षणाची व्यवस्था करायची, असं तो सांगतो. एकने वाढलेली रेघ त्यात बसते की नाही ह्यावर वकील वाद घालोत. मला त्या स्टँडसमोरच्या लॅबचं दार डोळ्यांपुढे आल्यावर वादाची गरज वाटली नाही.

उपाय दोन होते. एक सोपा: इंडेक्सवार आकडे घेणं बंद. एक्स्पोर्टरमध्ये ते मुळात बंदच असतात, मुद्दाम सुरू केलेले होते. डिस्क भरतेय का, मेमरी पुरतेय का, हे कळायला गाव आणि तपासणी कशाला हवी? पण तेवढ्याने भागत नाही. इंडेक्सची नावं क्लस्टरच्या एकूण माहितीत असतातच, आणि 'मॉनिटर' अधिकारवाल्याला ती माहिती वाचता येते. म्हणून दुसरा, खरा उपाय: नावंच बदलायची. सगळ्या केंद्रांचे, सगळ्या तपासण्यांचे रिपोर्ट महिन्याच्या एका इंडेक्समध्ये, आणि गाव व तपासणी नोंदीच्या आत, कुलुपामागे.

गंमत म्हणजे सर्व्हरलाही हेच हवं होतं. प्रत्येक इंडेक्सचे निदान एक-दोन तुकडे होतात, त्यांना शार्ड म्हणतात, आणि प्रत्येक शार्ड मेमरी खातो. शार्ड १० ते ५० जीबीचा असावा अशी सर्वसाधारण शिफारस आहे. आमच्याकडे गावोगावचे काही केबींचे चिल्लर शार्ड! एका मशीनमागे १००० शार्डची जी मर्यादा असते, तिच्या अगदी जवळ पोचलेले. एकत्र केल्यावर सर्व्हर हलका झाला. खाजगीपणा आणि वेग ह्यांचं भांडण आहे असं नेहमी सांगतात. इथे तरी दोघं एकाच बाजूला होते.

अजून एक सांगून थांबतो, कारण हे फार कमी जणांना ठाऊक असतं. तो 'मॉनिटर' अधिकार वाटतो तेवढा निरागस नाही. त्याने सध्या चालू असलेल्या कामांची यादी बघता येते, आणि तपशील मागितला तर त्या यादीत चालू शोध पूर्ण मजकुरासकट दिसतो. म्हणजे त्या क्षणी कुणी "अमुक पाटील" शोधत असेल तर ते नाव. एक्स्पोर्टरला ह्याची गरज नसते आणि तो ते विचारतही नाही, पण ज्याच्या हाती ती की पडेल तो विचारू शकतो. म्हणून "फक्त बघायची की आहे" असं म्हणून ती चॅटवर पाठवू नका. बघायची की हीसुद्धा कीच.

असो. बरंच लांबलं. सोमवारी हापिसात गेलात की एक करून बघा. तुमच्या रोजच्या मशीनवरून, कुठलाही खास अधिकार न वापरता, ब्राउझरमध्ये तुमच्या शोध-सर्व्हरचा पत्ता आणि पुढे ९११४ टाका, शेवटी मेट्रिक्स. पान उघडलंच नाही, किंवा पासवर्ड विचारला, तर उत्तम, चहाला जा. आकड्यांची लांबलचक यादी न विचारता समोर आली तर चहा राहू द्या. ती यादी वरपासून खालपर्यंत एकदा नीट वाचा, आणि प्रत्येक ओळीला विचारा, की हे एखाद्याच्या शेजाऱ्याच्या हातात पडलं तर तो काय ओळखेल?

काका आता दर महिन्याला ती यादी वाचतात म्हणे. मागच्या वेळी फोन आला होता, "अहो, एका बॅकअपच्या नावात डॉक्टरांचं आडनाव आहे, काढू ना?" म्हटलं, काढा काका, काढा.